खूण क्रमांक बत्तीस

माझा नवरा जेसीबी चालवायचा आणि मी चौदा किलोमीटर लांब, सांगलीतल्या एका थंडगार खोलीत बसून ते ऐकायचे. लोकांना याची मोठी गंमत वाटायची. "घरात लक्ष ठेवून पोट भरेना, आता जमिनीखालूनही ठेवते," असं आमच्या नणंदबाई चारचौघांत सांगायच्या आणि आनंदाही त्यांच्याबरोबर हसायचा. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. माझी नोकरीच ती होती.

आमच्या यंत्राचं नाव भूकर्ण. गॅसच्या नळीशेजारी, त्याच चरात, केसासारखी बारीक काचेची तार पुरलेली असते. तिच्या एका टोकातून सेकंदाला हजारो वेळा लेसरचा झोत सोडायचा. काच कितीही शुद्ध असली तरी त्या प्रकाशातला कणभर भाग वाटेतूनच मागे फिरतो. वर जमिनीवर कोणी पाय आपटला तरी तार दिसणारही नाही इतकी ताणली जाते आणि मागे फिरलेला प्रकाश किंचित बदलतो. तो किती वेळाने परतला यावरून तारेच्या कितव्या मीटरवर काय झालं ते कळतं. थोडक्यात, साठ किलोमीटर लांबीचा एक सलग कान. बैल, ट्रॅक्टर, कुदळ, जेसीबीचं बकेट, सगळ्यांचे आवाज भूकर्ण वेगवेगळे ओळखायचा.

त्याच्या जोडीला कायदा आला. खोदाईच्या प्रत्येक गाडीत एक कुलूप बसलं. गाडी नकाशातल्या नळीच्या पाच मीटरच्या आत गेली की तिचा हात जागच्या जागी गोठायचा आणि तो आमच्या खोलीतूनच, दिवेकर साहेबांच्या परवानगीने सुटायचा. सहा वर्षांत आमच्या भागात एकही नळी फुटली नाही. मंत्र्यांनी येऊन पेढे वाटले. आणि लोकांनी जमिनीकडे बघणं सोडून दिलं. पूर्वी गाडी लावण्याआधी हाताने छोटा खड्डा घेऊन नळी कुठे आहे ते पाहायचे, खुणेचे दगड शोधायचे, मातीत पिवळी पट्टी दिसली की ओरडायचे. आता खुणेच्या दगडाला म्हैस बांधतात. कुलूप लागलं की थांबायचं, नाही लागलं तर खणत सुटायचं. डोकं वापरायची गरजच उरली नव्हती.

आनंदाचा हात मला शंभरांत ओळखू यायचा. तो बकेट जमिनीला टेकवायचा, क्षणभर थांबायचा आणि मग दाबायचा. चिडलेला असला की तो क्षण गायब व्हायचा. सकाळी आमचं वाजलं असेल, तर त्याचा राग उतरला की नाही ते मला अकराच्या सुमारास कळायचं. त्याला ते मुळीच आवडत नसे. "गाडीत जांभई द्याय सुदीक चोरी झालीया," म्हणायचा.

आमची ओळख झाली तीही याच तारेवर. तारेचा मीटर आणि जमिनीवरची जागा एक नसते, कारण तार चरात वाकडीतिकडी जाते, मध्येच जोडासाठी तिची गुंडाळी ठेवलेली असते. म्हणून सुरुवातीला प्रत्येक खुणेच्या दगडापाशी एक माणूस जमिनीवर घणाचे तीन ठोके मारतो आणि खोलीतला माणूस ते तारेच्या कितव्या मीटरवर ऐकू आले ते लिहून घेतो. त्यावरून नकाशा बनतो. ठोके मारणारा आनंदा होता आणि लिहून घेणारी मी. तीन आठवडे आम्ही फोनवर होतो. चौथ्या आठवड्यात त्याने विचारलं, की पगार किती, माहेर कुठलं, आणि मारुतीच्या देवळामागचा भेळवाला चालेल का.

त्या दिवशी तो मिरजेच्या पुढे माळवाडीच्या रस्त्यावर ड्रेनेजचा चर काढत होता. साडेतीन मीटर खोल, कृष्णाकाठच्या काळ्या मातीत, गॅसच्या नळीला समांतर. एक वाजून दहा मिनिटांनी खूण बत्तीसपाशी त्याच्या गाडीला कुलूप लागलं आणि लगेच माझा फोन वाजला.

"शैला, कुलूप काढ. नळी हितं न्हाई."

"नकाशात आहे. तिथंच ती रस्त्याकडे वळते."

"वळती, पर हितं न्हाई वळत. फुडं वळती. मला म्हाईत हाय."

"कशावरून?"

तो गप्प झाला. हे गप्प बसणं मी नंतर हजार वेळा आठवलं आहे.

"अहो, कशावरून सांगा. दिवेकर साहेबांना काय सांगू मी?"

"मी म्हंतोय म्हून सांग की."

"यंत्रापुढं तुमचं म्हणणं कोण ऐकणार?" हे मी बोलले. वाईट हेतूने नाही, खरं तेच बोलले. पण माझ्या तोंडून ते निघालं.

"बरं," तो म्हणाला. "नळी हुडकून तुला फोटूच धाडतो." आणि त्याने फोन ठेवला.

माणसं जेवायला लिंबाखाली गेली होती. शौकत, त्याच्याबरोबरचा दुसरा गाडीवाला, डिझेल आणायला गेला होता. आनंदा पहार घेऊन एकटा चरात उतरला. त्याची पावलं मला तारेवर ऐकू येत होती, मग पहारीने चराची भिंत उकरल्याचा आवाज. उभ्या काळ्या मातीला खालून उकरू नये हे आमच्याकडच्या कोणालाही सांगावं लागत नाही. त्यालाही माहीत होतं. मी फोन लावला. त्याने उचलला नाही. एक बावीसला पडद्यावर एक जाड पट्टा उमटला आणि पावलं थांबली.

शौकत परतला तेव्हा चराची वीस मीटर भिंत बसलेली होती. आनंदा त्या वीस मीटरांत कुठे होता ते कोणीच पाहिलेलं नव्हतं. अग्निशमन दलाची गाडी मिरजेतून निघाली खरी, पण वाटेत रेल्वेचं फाटक होतं.

एक सव्वीसला ठोके आले. तीन ठोके, थोडं थांबून पुन्हा तीन. लोखंडावर लोखंड. तो नळीला चिकटून होता, पहार त्याच्या हातात होती आणि तो जिवंत होता. मी खुर्चीवरून उठले ते मला आठवत नाही. दिवेकर साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. आमच्या पाळीचे ते प्रमुख, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, नियमाबाहेर कधी पाऊल न टाकलेला माणूस.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

"खूण बत्तीस. बरोबर दगडासमोर." मी फोनवर ओरडले, "शौकतभाऊ, दगडासमोर उकरा. जिवंत आहेत. मला ऐकू येतंय."

गाड्यांना कुलूप होतं. नळीत गॅस दाबाने भरलेला, दोन्हीकडच्या झडपा बंद केल्या तरी मधल्या आठ किलोमीटरचा गॅस आतच राहणार, तो सोडायला दोन तास. म्हणून माणसं खोऱ्यांनी उकरायला लागली. अकरा जण होते. वर काढलेली ओली माती निम्मी परत खाली घसरत होती. मी ठोके ऐकत होते आणि त्यांना सांगत होते, "येतोय आवाज, चालू द्या." तीन ठोके. तीन ठोके. मग दोन.

एक सत्तावन्नला शौकतने धापा टाकत विचारलं, "वहिनी, पुरुषभर खाली आलो. काय न्हाई वो हितं. नक्की हितंच का?"

नक्की इथेच का. सहा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. खरं तर तपासायला एक मिनिट पुरे होतं आणि ते मला एकतीस मिनिटं सुचलं नाही.

"तुम्ही उभे आहात तिथं पहार आपटा," मी म्हणाले.

त्याने आपटली. पडद्यावर ठिपका उमटला, पण आनंदाच्या ठिपक्यावर नाही. त्याच्या मागे. बरोबर नऊ मीटर मागे.

नऊ हा आकडा मी ओळखत होते. नकाशा बनवताना खूण बत्तीसला तार हिशोबापेक्षा नऊ मीटर जास्त भरली होती. मी आनंदाला फोनवर विचारलं होतं आणि तो म्हणाला होता, "गुंडाळी आसंल तितं." पुढच्या खुणेला तेच नऊ मीटर कमी पडले. गुंडाळी असती तर कमी पडले नसते, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. मी पाहिलं, आणि सोडून दिलं, कारण तेव्हा आम्ही भेळवाल्याबद्दल बोलत होतो.

"शौकतभाऊ, खुणेच्या दगडापाशी काय आहे?"

"दगडापाशी? म्हसोबा हाय की. शेंदऱ्या. का वो?"

"तिथं घण मारता येईल?"

"म्हसोबाम्होरं घण?" तेवढ्या घाईतही तो चमकला. "कोण मारंल वहिनी? गाव हात मोडंल."

म्हणजे नकाशा बनवताना आनंदा नऊ मीटर पुढे गेला होता. देवासमोर घण नको म्हणून गावकऱ्यांनी अडवलं असेल, नाहीतर तो स्वतःच धजला नसेल. तिथे ठोके मारून त्याने "खूण बत्तीस, झालं" असं सांगितलं, आणि मी लिहून घेतलं. म्हणून नकाशातलं वळण नऊ मीटर मागे आलं. म्हणून आज तो गप्प बसला. खरं सांगितलं असतं तर सहा वर्षांपूर्वीचा खोटा ठोका कबूल करावा लागला असता, आणि नव्या कायद्यात त्याला तुरुंग आहे.

"पुढं," मी ओरडले. "नऊ मीटर पुढं. म्हसोबाच्या पुढं. ठोके तिथून येतायत."

"परत पहिल्यापास्नं?" पलीकडून कोणीतरी रडकुंडीला येऊन म्हणालं. साडेतीन मीटर माती. खोऱ्यांनी पाऊण तास. आता ठोका एकेकटा येत होता.

मी दिवेकर साहेबांकडे वळले. "कुलूप काढा."

"शैलाबाई, आत्ता तुम्हीच सिद्ध केलंत की नकाशा चुकीचा आहे. नळी कुठे आहे ते माहीत नसताना मी गाडी कशी सोडू? शेजारी वस्ती आहे. शाळा आहे."

"नकाशा चुकलाय, कान चुकलेला नाही. बकेट नळीजवळ गेलं की तारेवर आवाज बदलतो. मी ऐकून सांगते, थांब म्हणेन तिथं शौकत थांबेल."

"असं कोणी केलेलं नाही."

"साहेब, तो माझा नवरा आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आवाज आहे तोवर," ते म्हणाले. "आवाज थांबला की माणसं वर, गाडी बंद, आणि चराला फळ्या लावून मगच पुढचं काम. नियम तसा आहे. मेलेल्यासाठी जिवंत माणसं खाली ठेवायची नाहीत. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. त्या क्षणी मी काहीही कबूल केलं असतं.

दोन वाजून चार मिनिटांनी एक ठोका आला. दोन सहाला कुलूप निघालं आणि शौकतची गाडी सुरू झाली.

शौकतचा हात आनंदासारखा हलका नव्हता. पण तो ऐकत होता. "खाली या. अजून. हळू. डावीकडं घ्या. थांबा." मी डोळे मिटून बोलत होते. बकेटच्या खरवडण्यात बाकी काही ऐकू येईना. गाडीने वरची माती काढायची, अकरा जणांनी बाजूची ओढायची. दोन बाराला मी सगळ्यांना थांबायला सांगितलं. गाडी बंद. खोरी बंद. शौकतने रस्त्यावरची वाहनंही अडवली होती. गावातून जमलेली दोनशे माणसं श्वास रोखून उभी होती, आणि हे मला माहीत आहे, कारण तारेवर त्यांचे पाय हलल्याचाही आवाज नव्हता.

मी ऐकलं.

काही नव्हतं. मी आवाज वाढवला, बारीक आवाज अडवणाऱ्या गाळण्या काढल्या, तारेच्या त्या दहा मीटरांवर सगळी ताकद लावली. लांब कुठेतरी मोटार चालू होती, विहिरीवर. एवढंच. आनंदाच्या जागी काही म्हणजे काही नव्हतं.

"वहिनी?" शौकत फोनवर म्हणाला. "हाय का?"

मी म्हणाले, "आहे. येतोय आवाज. उकरा."

ते खोऱ्यांवर तुटून पडले. मला अकराच्या अकरा खोरी निरनिराळी ऐकू येत होती.

दिवेकर साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे सरळ रेघ होती आणि ती वाचायला त्यांना माझी गरज नव्हती. त्यांनी माझ्या कानावरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. बराच वेळ लावला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला आणि म्हणाले, "मी दिवेकर बोलतोय. ऐकू येतंय. चालू ठेवा." फोन परत दिल्यावर त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

दोन अठराला बकेटचा दात लोखंडाला घासला. ती किंचाळी मला कानात नाही, दातांत लागली. गाडी थांबली. मी म्हणाले, "फुटलेली नाही, शौकतभाऊ. वरचा लेप गेलाय फक्त. मागं घ्या आणि डावीकडून या." गाडी हलली नाही. "शौकतभाऊ, ठोके येतायत. चला." तरी नाही. शौकत चार मिनिटं तसाच बसून होता. त्याचे हात दांड्यांवरून निघत नव्हते, असं त्याने नंतर सांगितलं. दोन बावीसला त्याने गाडी मागे घेतली. दोन एकतीसला त्यांना आनंदाचा हात लागला.

नळी शाबूत होती. आनंदा तिला पाठ लावून बसलेला होता, पहार मांडीवर. डॉक्टर म्हणाले, जाऊन अर्धा तास तरी झाला असेल.

तेराव्यानंतर शौकत घरी आला. दाढी वाढलेली, गळ्याखालची हाडं दिसत होती. कामावर जात नव्हता. त्याची बायको मला आदल्या दिवशी भेटून गेली होती, की जेवत नाही, झोपत नाही, तुमच्याकडे पाठवते, काहीतरी बोला त्याच्याशी. तो खाली सतरंजीवर बसला. मी चहा ठेवला.

"वहिनी, त्या चार मिंटाचं सांगाय आलोय."

"सांगू नका, शौकतभाऊ."

"न्हाई, सांगू द्या. तुमी म्हंत हुता, ठोकं यायलेत. मला ऐकाय येत हुतं तुमचं. पर हात हलंना. तेवढ्यात तो गेला. मी भ्यालो नस्तो तर आनंदा आज हितं बसला असता." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "माझ्या चार मिंटानं मारला वो त्याला."

मला गप्प बसता आलं असतं. डॉक्टरांचं बोलणं त्याच्यापर्यंत गेलं नव्हतं, किंवा गेलं असलं तरी त्याने माझ्या कानावर जास्त विश्वास ठेवला होता. सगळेच ठेवायचे. पण हा माणूस माझ्यासमोर बसून मरत होता, आणि कशाने मरतोय ते मला माहीत होतं.

"तुमच्यामुळं नाही," मी म्हणाले. "तुम्ही थांबलात त्याच्या आधीच ठोके थांबले होते. दोन बाराला आपण सगळे गप्प उभे राहिलो ना, तेव्हा काही ऐकू आलं नव्हतं. मी खोटं बोलले."

त्याने तोंडावरचे हात काढले. त्याला समजायला थोडा वेळ लागला. आधी त्याचा चेहरा सैल झाला, पाठीवरचं पोतं उतरवल्यासारखा. त्याने मोठा श्वास सोडला. मग हळूहळू तो परत आवळला गेला.

"दोन बारापास्नं?"

"हो."

"नळीला बकेट लागलं, तवा खाली अकरा माणसं हुती, वहिनी. माझा मेव्हणा हुता."

"माहीत आहे."

"नळी फुटली असती तर?"

त्या अकरा जणांची मला काळजी वाटली होती का, असं तो विचारत होता. नव्हती वाटली. त्यांची खोरी ऐकत असतानाही नव्हती. मला फक्त ती चालू राहायला हवी होती, कारण ती थांबली असती तर आनंदा मेला आहे हे मला त्याच मिनिटाला कबूल करावं लागलं असतं. एकोणीस मिनिटं मी अकरा संसार त्यासाठी खड्ड्यात ठेवले. हे मी चौकशीतही सांगितलं आहे. दिवेकर साहेबांनी माझ्याआधीच सांगून टाकलं होतं, त्यांचं स्वतःचं धरून.

शौकतने चहा घेतला. पूर्ण प्यायला, कप बाजूला ठेवला आणि उठला. दारात चपला घालताना तो थांबला.

"एक इचारू का? राग मानू नगासा."

"विचारा."

"आनंदाच्या जागी मी आसतो मातीखाली. आन ठोकं थांबलं आसतं. तर काय सांगितलं आसतंसा?"

आवाज थांबला, असं सांगितलं असतं. माणसं वर काढा, गाडी बंद करा, असं सांगितलं असतं. शांतपणे, नियमाप्रमाणे, आणि रात्री घरी येऊन आनंदाला म्हणाले असते की बिचारा शौकत.

तो उत्तरासाठी दारात उभा होता. मी त्याचा रिकामा कप उचलला. थोड्या वेळाने चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.